अभ्यासक्रमाचा नकाशा आणि जीवशास्त्राची परीक्षा
(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

१. प्रास्ताविक

माध्यमिक शालांत परीक्षेचा विषय निघाला म्हणजे हा प्रश्न हायस्कूलच्या शिक्षकांचा आहे, असे प्राथमिक शिक्षकास सहजच वाटते. दहावीचा विद्यार्थी प्राथमिक शाळेच्या पटावर नसतो, हे खरे. परंतु दहावीच्या जीवशास्त्रात जो विद्यार्थी अडखळतो, तो बहुधा दहावीत अडखळलेला नसतो. पेशी म्हणजे काय हे त्यास सातवीत नीट उमगलेले नसते, फुलाचे भाग त्याने हाताने उलगडून पाहिलेले नसतात आणि पाहिलेली गोष्ट दोन वाक्यांत नेमकी लिहिण्याची सवय त्यास लागलेली नसते. ही उणीव मग दहावीच्या उत्तरपत्रिकेत उघडी पडते.

गोंदिया तालुक्यातील कामठा हे गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. एकेकाळी जमीनदारीचे मुख्य ठिकाण असलेले हे गाव पूर्वी भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि ते नव्या जिल्ह्यात आले. सभोवती धानाच्या बांध्या, तलाव व बोड्या, धुऱ्यांवर पळस व मोहाची झाडे असा हा मुलूख आहे. जीवशास्त्राच्या अभ्यासास लागणारे बहुतेक साहित्य येथील मुलाच्या पायाखाली व डोळ्यांसमोर असते. असे असूनही परीक्षा जवळ आली की हाच मुलगा मार्गदर्शिकेतील उत्तरे घोकू लागतो. प्रत्यक्ष पाहिलेले आणि परीक्षेत विचारलेले यांची सांगड त्याच्या मनात पडत नाही. ती सांगड घालण्याचे साधन म्हणजे अभ्यासक्रम होय. त्याचा उपयोग कसा करावा आणि त्यात प्राथमिक शिक्षकाचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. अभ्यासक्रम म्हणजे काय व काय नव्हे

पुष्कळ विद्यार्थी अभ्यासक्रम म्हणजे धड्यांची यादी असे समजतात. एक धडा ‘झाला’ की त्यावर खूण करावयाची आणि पुढे जावयाचे, अशी ही रीत असते. वस्तुतः अभ्यासक्रम हा नकाशा आहे. कोठे जावयाचे, कोणत्या वाटेने जावयाचे आणि वाटेत कोठे किती वेळ थांबावयाचे, हे तो सांगतो. नकाशा हाती असूनही केवळ गावांची नावे पाठ करणारा प्रवासी जसा मुक्कामी पोहोचत नाही, तशीच केवळ धड्यांची नावे मोजणाऱ्या विद्यार्थ्याची गत होते.

महाराष्ट्रात दहावीपर्यंत ‘जीवशास्त्र’ ही स्वतंत्र प्रश्नपत्रिका नसते. तो विषय अकरावीपासून वेगळा होतो. २०१८ साली अमलात आलेल्या दहावीच्या पुस्तकांत विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयाचे दोन भाग आहेत. जीवशास्त्राचा विचार मुख्यत्वे भाग २ मध्ये येतो. या भागात दहा पाठ आहेत : आनुवंशिकता व उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग १ व भाग २, पर्यावरणीय व्यवस्थापन, हरित ऊर्जेच्या दिशेने, प्राण्यांचे वर्गीकरण, ओळख सूक्ष्मजीवशास्त्राची, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान, सामाजिक आरोग्य आणि आपत्ती व्यवस्थापन. दोन्ही भागांच्या लेखी परीक्षा प्रत्येकी ४० गुणांच्या व अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे, असे एकूण १०० गुण होतात.

हे पाठ अधांतरी उभे नाहीत. सातवीत ‘पेशीरचना व सूक्ष्मजीव’, आठवीत ‘पेशी व पेशीअंगके’ आणि दहावीत पेशीविभाजन, असा एक धागा आहे. आठवीतील ‘सजीव सृष्टी व सूक्ष्मजीवांचे वर्गीकरण’, नववीतील ‘वनस्पतींचे वर्गीकरण’ आणि दहावीतील ‘प्राण्यांचे वर्गीकरण’ हा दुसरा धागा. नववीतील ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ समजल्यावाचून दहावीचा पहिलाच पाठ समजणे कठीण आहे. हे धागे परिसर अभ्यासातून निघतात आणि त्यांचे पहिले टोक प्राथमिक शिक्षकाच्या हाती असते.

३. प्रश्नपत्रिकेची घडण

नकाशाबरोबर अंतरेही माहीत असावयास हवीत. भाग २ ची लेखी परीक्षा दोन तासांची असते. पहिला प्रश्न १० गुणांचा असून त्यात पर्याय निवडणे, जोडी लावणे, वेगळा घटक ओळखणे यांसारखे एकेका गुणाचे उपप्रश्न असतात. दुसरा प्रश्नही १० गुणांचा असतो. त्यात शास्त्रीय कारणे ४ गुणांची व लघुत्तरे ६ गुणांची असून प्रत्येक उत्तरास २ गुण मिळतात. तिसऱ्या प्रश्नात ३ गुणांची पाच उत्तरे, म्हणजे १५ गुण असतात. चौथ्यात ५ गुणांचे एकच उत्तर लिहावयाचे असते.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. मोठ्या उत्तराचा वाटा ४० पैकी अवघा ५ गुणांचा, म्हणजे एक अष्टमांश आहे. तथापि अनेक विद्यार्थी लांबलचक उत्तरे पाठ करण्यात आठवडेच्या आठवडे घालवितात आणि जेथे २० गुण आहेत त्या लहान प्रश्नांकडे दुर्लक्ष करतात. लहान प्रश्नांना पाठांतर पुरत नाही. तेथे संकल्पना स्वच्छ असावी लागते, कारण प्रश्नाची भाषा थोडी बदलली तरी घोकलेले उत्तर निरुपयोगी होते.

वेळेचा हिशेबही सोपा आहे. एका गुणास अडीच मिनिटे धरली, तर ४० गुणांस १०० मिनिटे लागतात व २० मिनिटे प्रश्नपत्रिका वाचण्यास आणि उत्तरे तपासण्यास उरतात. हा हिशेब विद्यार्थ्याने स्वतः मांडावा. सहावी-सातवीच्या घटक चाचणीत शिक्षकांनी तो फळ्यावर मांडून दाखविल्यास सवय लवकर लागते.

४. तीन रकान्यांची वही

अभ्यासक्रम वापरण्याची एक साधी रीत अशी : विद्यार्थ्याने एक वही घ्यावी व प्रत्येक पाठातील मुद्दे एकाखाली एक लिहावेत. ‘प्राण्यांचे वर्गीकरण’ असे मोघम न लिहिता संधिपाद, मृदुकाय, वलयी, उभयचर असे सुटे सुटे लिहावे. प्रत्येक मुद्द्यापुढे तीन रकाने आखावेत : ‘पाहिले’, ‘समजले’, ‘लिहिता आले’.

पहिल्या रकान्यात त्या मुद्द्याचे कोणते उदाहरण प्रत्यक्ष पाहिले ते लिहावे. दुसऱ्यात तो मुद्दा धाकट्या भावंडास किंवा वर्गमित्रास पुस्तक न पाहता समजावून सांगता आला, तरच खूण करावी. तिसऱ्यात घड्याळ लावून उत्तर लिहिले व ते तपासून घेतले, तरच खूण करावी. महिन्याच्या शेवटी वही उघडली असता कोणता रकाना रिकामा आहे हे दिसते. कोणाचा पहिला रकाना रिकामा असतो, त्याने बाहेर पडून पाहावे. कोणाचा दुसरा, त्याने शिक्षकास विचारावे. ज्याचे पहिले दोन भरलेले असून तिसरा रिकामा असतो, अशा मुलांची संख्या गावोगावी मोठी असते. त्यांना येते पुष्कळ, पण कागदावर उतरत नाही. अशा मुलास ‘हुशार पण आळशी’ म्हणून सोडून देऊ नये. त्यास लेखनाचा सराव हवा असतो.

५. बांधीत भेटणारा अभ्यासक्रम

आता पहिल्या रकान्याचा विचार करू गेल्यास कामठ्यासारख्या गावी तो भरणे किती सोपे आहे हे दिसून येईल.

(अ) प्राण्यांचे वर्गीकरण. पावसाळ्यात धानाची बांधी पाण्याने भरली म्हणजे तेथे खेकडा व नाकतोडा दिसतो, हे संधिपाद. धुऱ्यावर गोगलगाय व तलावाच्या काठी शिंपला सापडतो, हे मृदुकाय. रोवणी करणाऱ्यांच्या पायास जळू चिकटते व मातीत गांडूळ असते, हे वलयी. बेडूक उभयचर, धामण सरीसृप, बगळा पक्षी आणि बांधावरचा उंदीर सस्तन. एका फेरीत अर्धा पाठ दृष्टीस पडतो. परंतु जे दिसत नाही, तेही नोंदविले पाहिजे. कंटकचर्मी प्राणी केवळ समुद्रात राहतात. समुद्रापासून इतक्या दूरच्या मुलाने तारामासा पाहिलेला असण्याचा संभव कमी. तेव्हा त्या मुद्द्यासाठी चित्राचा आधार घ्यावा. कोणत्या मुद्द्यास निसर्ग पुरेसा आहे व कोणत्यास पुस्तक हवे, हेही याच वहीतून कळते. फेरीच्या वेळी प्राणी मारू नयेत, खोल पाण्यात उतरू नये आणि बिळांत हात घालू नये, ही ताकीद प्रारंभीच द्यावी.

(आ) श्वसन. पऱ्हे टाकण्यापूर्वी धानाचे बी भिजवून, पोत्याखाली झाकून त्यास मोड आणण्याची रीत घरोघरी माहीत आहे. त्या ढिगात हात घातला असता तो उबदार लागतो. ही ऊब येते कोठून? अंकुरणारे बी श्वसन करीत असते. ग्लुकोजचे विघटन होऊन ऊर्जा मोकळी होते, तिचा काही भाग एटीपीच्या रेणूंत साठविला जातो व उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. दोन डब्यांपैकी एकात मोड आलेले व दुसऱ्यात उकळून थंड केलेले बी ठेवावे. दुसऱ्या डब्यात अशी ऊब आढळत नाही, कारण ते बी मेलेले असते. हा प्रयोग पाचवीच्या मुलांसही करता येतो. दहावीत ग्लायकोलायसिसचे नाव प्रथमच ऐकताना ज्या मुलास ही ऊब आठवते, त्यास तो शब्द परका वाटत नाही.

(इ) फूल व आनुवंशिकता. धान कापण्यापूर्वीच ओल्या बांधीत लाखोळी फेकून पेरण्याची या भागात जुनी रीत आहे. थंडीत तिला निळसर फुले येतात. लाखोळी ही वाटाण्याच्याच कुळातील वनस्पती असून तिच्या फुलाची घडणही तशीच असते. पुंकेसर व स्त्रीकेसर पाकळ्यांच्या आत झाकलेले असतात. ग्रेगर मेंडेल याने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग केले व १८६६ साली ते प्रसिद्ध केले. त्याने वाटाणाच का निवडला, हे लाखोळीचे फूल उलगडल्याबरोबर कळते. पाकळ्या मिटलेल्या असल्याने तेथे सहसा स्वपरागीभवन होते, आणि म्हणून कोणत्या झाडाचा कोणाशी संकर करावयाचा हे प्रयोगकर्त्यास आपल्या हाती ठेवता येते. मेंडेलला दुसऱ्या पिढीत ७३२४ बियांपैकी ५४७४ गोल व १८५० सुरकुतलेल्या आढळल्या. हा भागाकार मुलांकडून करवून घ्यावा. उत्तर जवळजवळ ३ येते. ३ : १ हे गुणोत्तर ज्याने स्वतः काढले, तो ते सहसा विसरत नाही.

(ई) परिसंस्था. गोंदिया जिल्ह्यास सारस पक्ष्याचे भूषण लाभले आहे. महाराष्ट्रात तो मुख्यत्वे याच जिल्ह्यात आढळतो. उडणाऱ्या पक्ष्यांत तो सर्वांत उंच होय. तो पाणथळीत व धानाच्या शेतात घरटे करतो आणि कंद, दाणे, कीटक, बेडूक असे अनेक प्रकारचे अन्न खातो. एका सारसाभोवती वहीत अन्नजाळे काढावयास सांगावे. बोडी आटली, पाणथळ बुजली किंवा कीटकनाशकाचा वापर वाढला तर त्या जाळ्यातील कोणता धागा प्रथम तुटेल, हा प्रश्न विचारावा. ‘पर्यावरणीय व्यवस्थापन’ या पाठाची तयारी याहून चांगली कोणती?

६. शब्दांची अडचण

या भागातील मुलांच्या घरी पोवारी, गोंडी, छत्तीसगढी किंवा हिंदी वळणाची बोली असते. शाळेची मराठी ही त्यांना काहीशी नवी, आणि विज्ञानाची संस्कृतप्रचुर परिभाषा तर त्याहून नवी. ‘अर्धगुणसूत्री विभाजन’ किंवा ‘समपृष्ठरज्जू’ हा शब्द समोर आला की मूल बिचकते व मुकाट्याने घोकू लागते. येथे भाषेचा शिक्षक व विज्ञानाचा शिक्षक एकच असणे, ही प्राथमिक शाळेची मोठी सोय आहे.

परिभाषेचे शब्द फोडून दाखवावेत. संधी म्हणजे सांधा व पाद म्हणजे पाय. ज्याच्या पायांस सांधे आहेत तो संधिपाद. मृदू म्हणजे मऊ व काय म्हणजे शरीर. म्हणून गोगलगाय मृदुकाय. कंटक म्हणजे काटा व चर्म म्हणजे कातडी, म्हणून कंटकचर्मी. उभय म्हणजे दोन्ही व चर म्हणजे वावरणारा. म्हणून पाण्यात व जमिनीवर वावरणारा बेडूक उभयचर. ज्या विभाजनात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते, ते अर्धगुणसूत्री. याप्रमाणे शब्द उलगडला की व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही. शब्दाच्या पोटातच ती असते.

त्याचबरोबर घरच्या शब्दास कमी लेखू नये. मुलाने प्राण्याचे वा वनस्पतीचे नाव बोलीत सांगितले तर ते फळ्यावर लिहावे, त्यापुढे प्रमाण मराठी नाव लिहावे व त्यापुढे वर्गीकरणातील स्थान लिहावे. नवेगावबांध परिसरात वनाधिकारी म्हणून काम केलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनात राहणाऱ्या लोकांकडून पशुपक्ष्यांची व झाडांची नावे गोळा केली व पुढे ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. लोकांच्या तोंडचा शब्द हा ज्ञानाचा पहिला साठा असतो, हे त्यांच्या कार्यावरून दिसते. परीक्षेत मात्र प्रमाण परिभाषाच लिहावी लागते, हेही मुलास स्पष्ट सांगावे. बोलीतून परिभाषेकडे जाणारा पूल शाळेने बांधावा. बोली मोडून पूल होत नाही.

७. एक पाठ, जो गुणांपुरता नाही

नववी व दहावीच्या आनुवंशिकतेच्या पाठांत दात्रपेशी पांडुरोगाचा, म्हणजे लोक ज्यास सिकलसेल म्हणतात त्या आजाराचा, उल्लेख येतो. पूर्व विदर्भातील शिक्षकांनी हा मुद्दा विशेष काळजीने हाताळावा, कारण हा आजार या भागातील अनेक कुटुंबांत आहे.

रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते. इतक्या लहानशा बदलामुळे ऑक्सिजन कमी असता तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात व तीव्र वेदना होतात. हा बदल १९५० नंतरच्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम या शास्त्रज्ञाने शोधून काढला. भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत आढळला. जनुकातील एक अक्षर बदलले तर काय होते, या उत्परिवर्तनाच्या प्रश्नास याहून बोलके उदाहरण नाही.

आता परीक्षेतील भाग पाहू गेल्यास, दोष अप्रभावी आहे. माता व पिता या दोघांकडूनही तो आला, तरच अपत्य रुग्ण होते. एकाकडूनच आला तर ते वाहक होते. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी असते, परंतु दोष पुढील पिढीस देऊ शकते. दोघेही वाहक असता प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के व पूर्णतः दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. येथे एक चूक वारंवार होते. ‘चार मुलांपैकी एक रुग्ण होणार’ असा अर्थ घेतला जातो व पहिले मूल रुग्ण झाले तर पुढील तिघे निश्चित निरोगी, असे समजले जाते. तसे नाही. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तितकीच असते.

हे समजावण्यास चिंचोके पुरेत. दोन डबे घ्यावेत. प्रत्येकात वीस चिंचोके ठेवावेत व त्यांपैकी दहांस चुन्याने पांढरे ठिपके द्यावेत. एक डबा मातेचा, एक पित्याचा. मुलाने न पाहता दोन्हींतून एकेक चिंचोका काढावा, जोडी नोंदवावी व चिंचोके परत टाकावेत. शंभर वेळा असे केल्यावर दोन्ही ठिपकेवाल्या जोड्या सुमारे पंचवीस येतात. मात्र कधी त्या लागोपाठही येतात. शक्यता म्हणजे काय, हे मुलास तेथे कळते.

या पाठात दोन पथ्ये पाळलीच पाहिजेत. पहिले, वर्गातील कोणत्याही मुलाच्या वा कुटुंबाच्या आजाराचा उल्लेख चारचौघांत करू नये व कोणास उदाहरण म्हणून उभे करू नये. दुसरे, हा आजार स्पर्शाने किंवा एकत्र जेवल्याने होत नाही आणि तो कोणाच्या पापाचे फळ नाही, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेस प्रारंभ झाला. तिच्यात रक्ततपासणी व समुपदेशन यांवर भर आहे. आज तीन गुणांसाठी हा तक्ता काढणारा विद्यार्थी काही वर्षांनी विवाहाचा विचार करील. त्या वेळी तपासणीचा कागद पाहून घाबरून न जाता तो समजून घेणे त्यास साधले, तर पाठाचे खरे सार्थक झाले. ज्याने तक्ता केवळ घोकला, तो परीक्षेनंतर तो विसरेल आणि त्या अज्ञानाची किंमत त्याच्या घरास द्यावी लागेल.

८. उत्तर कसे लिहावे

तिसऱ्या रकान्यासाठी एक नमुना पुढे दिला आहे.

प्रश्न : वटवाघळास उडता येते, तरी त्याची गणना पक्ष्यांत न करता सस्तन प्राण्यांत करतात. शास्त्रीय कारण लिहा. (२ गुण)

कच्चे उत्तर : कारण वटवाघूळ हे पक्षी नाही. त्याला पंख असले तरी ते रात्री फिरते आणि झाडाला उलटे लटकते.

पक्के उत्तर : पक्ष्यांच्या शरीरावर पिसे असतात व ते अंडी घालतात. वटवाघळाच्या अंगावर केस असतात, मादी पिल्लास जन्म देते व स्तनग्रंथींतील दुधावर त्याचे पोषण करते. ही सस्तन वर्गाची लक्षणे असल्याने वटवाघळाची गणना त्या वर्गात होते.

कच्च्या उत्तरातील माहिती खोटी नाही. परंतु ती प्रश्नास धरून नाही. रात्री फिरणे हे वर्गीकरणाचे लक्षण नव्हे. विद्यार्थ्याने प्रत्येक उत्तरापूर्वी स्वतःस विचारावे : प्रश्नाने कोणती गोष्ट मागितली? किती गुण आहेत? तितके मुद्दे आले का? आकृती काढावयाची असेल तर ती पेन्सिलीने, मोठी व स्वच्छ काढावी आणि नावांच्या रेषा एकमेकींस छेदू देऊ नयेत. चौथीतील मुलाने पानाचे चित्र काढून देठ व शिरा यांना नावे दिली, तर त्याचा हा सराव तेथूनच सुरू होतो.

९. ऋतूप्रमाणे अभ्यास

पाठांचा क्रम पुस्तकात एक असतो व निसर्गाचा क्रम दुसरा. दोहोंचा मेळ घालावा. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी असते व काही मुलांची हजेरी कमी होते. त्या दिवसांत बांधीत दिसणाऱ्या प्राण्यांची नोंद हाच अभ्यास द्यावा, म्हणजे शेतावर गेलेला मुलगा अभ्यासापासून तुटत नाही. पावसाळ्याच्या शेवटी भेंडी, जास्वंद, धोतरा यांची फुले घेऊन पुनरुत्पादनाचा पाठ घ्यावा. दही नीट लागण्यास ऊब लागते. म्हणून थंडीच्या तोंडाशी, कोणत्या घरी दही लवकर लागते व का, यावरून सूक्ष्मजीवांचा व किण्वनाचा विचार करावा. लाखोळी फुलली म्हणजे आनुवंशिकता पुन्हा उजळावी. जानेवारीपासून नवे काही न घेता तीन रकान्यांची वही पुढे ठेवून रिकाम्या जागा भराव्यात. परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चमध्ये येते. तोवर वहीतील प्रत्येक मुद्द्याची एकदा तरी उजळणी व्हावी.

१०. समारोप

माध्यमिक शाळेत जाणाऱ्या गावच्या मुलास प्राथमिक शिक्षकाने गुण बांधून देता येत नाहीत; पण पाहण्याची दृष्टी, शब्द फोडून समजण्याची रीत आणि नेमके लिहिण्याची सवय ही तीन साधने त्याच्या हाती देता येतात. अभ्यासक्रम ही साधने कोठे वापरावयाची ते दाखवितो. ज्या शाळेच्या भोवती बांधी, बोडी व पळस आहे, त्या शाळेस जीवशास्त्राची प्रयोगशाळा नाही असे म्हणता येणार नाही. तिचे दार उघडून मुलास आत नेण्याचे काम शिक्षकांनी करावे.

शिक्षक-सभेत चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या शाळेतील तिसरी ते आठवीच्या पुस्तकांतून ‘पेशी’, ‘वर्गीकरण’ व ‘आनुवंशिकता’ यांचे धागे कोठे सुरू होतात व कोठे तुटतात, याचा तक्ता करा.

(२) गावच्या बोलीतील वीस प्राणी व वीस वनस्पती यांची नावे गोळा करून त्यांपुढे प्रमाण मराठी नाव व वर्गीकरणातील स्थान लिहा.

(३) चिंचोक्यांचा प्रयोग सातवीच्या वर्गात करून शंभर जोड्यांची नोंद आणा. निरनिराळ्या शाळांच्या नोंदींत फरक का पडला, याचा विचार करा.

(४) सिकलसेलविषयी वर्गात बोलताना कोणते शब्द टाळावेत व कोणते वापरावेत, याची यादी आरोग्यसेविकेच्या साह्याने तयार करा.

(५) गावातील दहावीच्या दोन विद्यार्थ्यांस तीन रकान्यांची वही करण्यास साह्य करा आणि कोणता रकाना सर्वांत रिकामा राहिला ते पुढील सभेत सांगा.